वस्तादांच्या पाठीमागची भिंत

हिरणवाडीची सरपंच कालिंदी माने हिला त्या वर्षी दोघांशी भांडावं लागलं. एक विमा कंपनी आणि दुसरे तिचे वडील. त्यातल्या त्यात विमा कंपनी परवडली, असं ती आजही सांगते.

गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालची. तोवर हिरणवाडीच्या विहिरी पिवळ्या पडून इतका काळ लोटला होता, की चित्रकलेच्या तासाला शाळेतली पोरं नदी निळी रंगवत आणि विहीर पिवळी, आणि मास्तरही खोडत नसत. प्यायला टँकर, जनावरांना टँकर. धुण्याभांड्याला मात्र विहिरीचंच पाणी, त्यामुळे बायकांच्या हातांवर चट्टे. शेजारच्या गावांत हिरणवाडीची मुलगी म्हटलं की पाहुणे आधी हात बघत आणि मग तोंड.

दोष कोणाचा, यात गुपित काहीच नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला पाटणे क्रोम वर्क्स नावाचा कारखाना होता. चामडं कमवायला आणि लोखंडाला चकाकी चढवायला लागणारं रसायन तिथे बने आणि उरलेला गाळ मागच्या जुन्या खाणीत जाई. कारखाना बंद पडून अर्धं शतक झालं होतं. मालक अण्णासाहेब पाटणे वारले, मुलं परदेशी गेली, यंत्रं भंगारात गेली, छपरावरचे पत्रेसुद्धा गेले. गाळ तेवढा कोणी नेला नाही. तो दर पावसाळ्यात थोडा थोडा विरघळून जमिनीखालून गावाकडे येत राहिला.

आणि आता जिल्ह्याहून हुकूम आला होता. येत्या मार्चपर्यंत जमीन आणि पाणी साफ करण्याचा पैसा उभा राहिला नाही, तर हिरणवाडी उठवायची. पलीकडच्या तालुक्यात माळावर वसाहत तयार होती. एका आळीतली माणसं दुसऱ्या आळीत नांदत नाहीत, ती उघड्या माळावर कशी नांदणार, हा विचार हुकूम काढणाऱ्याने केलेला नव्हता. सरकारकडे पैसा नव्हता आणि पंचायतीकडे तर टँकरवाल्याचीच बाकी होती.

अशा वेळी यास्मिन आली. डॉ. यास्मिन मुजावर, मिरजेची, कालिंदीची शाळेपासूनची मैत्रीण. जमिनीत आणि पाण्यात काय मिसळलंय हे शोधणं हा तिचा धंदा. पंचायतीच्या कचेरीत बसून तिने चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "अण्णासाहेबांनी कारखान्याचा विमा उतरवला होता का गं?"

"उतरवला असेल की. आगीचा. पण आता काय जळायचं राहिलंय?"

"आगीचा नाही. दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपल्या धंद्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्याचं नुकसान झालं, तर ते विमा कंपनीने भरून द्यायचं. तसल्या जुन्या पॉलिसीची एक गंमत आहे. नुकसान ज्या वर्षी झालं, त्या वर्षीची पॉलिसी पैसे देते. ते ध्यानात कधी आलं, दावा कधी केला, याला महत्त्व नाही."

"मालक गेला, कारखाना मोडला. मग पैसे देणार कोण? भूत?"

"भूतच," यास्मिन म्हणाली. "पण विमा उतरवलेलं भूत. आता नवा कायदा झालाय. विमा उतरवणारा नाहीसा झाला असला, तर ज्यांचं नुकसान झालं ते थेट कंपनीकडे जाऊ शकतात."

कालिंदीने दावा ठोकला. मूळ कंपनी केव्हाच दुसरीत विलीन झाली होती, दुसरी तिसरीत. पण या तिसऱ्या कंपनीने अलीकडेच आपली जुनी दप्तरं यंत्राकडून वाचून घेतली होती, आणि पाटण्यांच्या पॉलिसी तिच्याच घरात निघाल्या. कंपनीने ते मान्यही केलं. वर एक पाचर मारली. एकोणीसशे पंच्याऐंशीपासून पुढच्या सगळ्या पॉलिसींत प्रदूषणाला वगळलेलं होतं. तेव्हा विष गावाच्या पाण्यात त्याआधीच पोचलं होतं, हे दाखवा आणि पैसे न्या.

दाखवणार कसं? त्या काळात हिरणवाडीच्या पाण्याची तपासणी करायला कोण आलं होतं? म्हातारी माणसं सांगत, पाणी आमच्या लहानपणीच बिघडलं. पण म्हाताऱ्यांच्या आठवणीवर कंपन्या पैसे देऊ लागल्या तर जगात कंपनी उरायची नाही.

यास्मिन हसली. "यासाठीच तर आलेय. गावात चुना लावलेली जुनी भिंत आहे का? दर वर्षी त्याच विहिरीच्या पाण्यात कालवून लावलेला चुना?"

ती त्या वेळी ज्या यंत्रावर काम करत होती, त्याला थरवाचक म्हणत. कल्पना तशी साधी आहे. कळीचा चुना पाण्यात भिजवून भिंतीला लावला, की तो वाळताना नुसता वाळत नाही, हवेतला कार्बन वायू शोषून घेतो आणि त्याचा दगड होतो. केसापेक्षा थोडा जाड असा दगडाचा पापुद्रा. दर वर्षी एक हात दिला की दर वर्षी एक पापुद्रा, कांद्यासारखा. आता दगड होताना त्या पाण्यात क्रोम असेल, तर तेही त्या दगडाच्या कणात अडकून बसतं, आणि एकदा अडकलं की सुटत नाही. म्हणजे प्रत्येक पापुद्र्यात त्या वर्षीच्या विहिरीचं पाणी बंद करून ठेवलेलं असतं.

पण कुठला पापुद्रा कुठल्या वर्षीचा? मोजता येतात, पण एखाद्या वर्षी चुना राहिला किंवा दोन हात दिले, की हिशेब फसला. त्याचं उत्तर हवेने देऊन ठेवलंय. मागच्या शतकात बड्या राष्ट्रांनी उघड्यावर अणुस्फोट केले. त्याने हवेतला एक किरणोत्सारी कार्बन एकाएकी दुपटीच्या जवळ गेला, आणि स्फोट थांबल्यावर वर्षाला थोडाथोडा उतरत आला. गळती लागलेल्या टाकीतल्या पाण्यासारखा. पाणी कुठवर आहे ते पाहून टाकी कधीपासून गळतेय ते सांगता येतं. तसंच पापुद्र्यात हा कार्बन किती ते पाहिलं की वर्ष कळतं. पूर्वी याला खोलीएवढी यंत्रं लागत आणि मूठभर नमुना लागे. थरवाचकाला रुपयाएवढा चकता पुरे, आणि तो शिवणयंत्राएवढ्या पेटीत मावत होता.

कालिंदीने गाव डोळ्यांपुढे आणलं. घरं नवी झालेली. जुनी होती त्यांना ऑइलपेंट. देवळाला संगमरवरी फरशी, भिंतींनासुद्धा. राहिली होती एकच जागा, आणि तिचा उंबरा तिने जन्मात ओलांडला नव्हता.

"तालीम," ती म्हणाली. "पण तिथे आबा आहेत."

आबा, म्हणजे दिनकर माने. ऐंशीला टेकलेले, कान चिरडून गोळा झालेले, मान अजून खांबासारखी. सगळं गाव त्यांना वस्ताद म्हणे. गावची हनुमान तालीम त्यांच्या ताब्यात होती. आत हौद्यातली लाल माती, देवळीत मारुती, आणि मारुतीच्या शेजारी भिंतीला एक जागा. आबांचे वस्ताद, हैबती वस्ताद, तिथे पाठ टेकून बसत आणि तिथूनच पोरांच्या कुस्त्या सुधारत. ते जाऊन जमाना झाला होता, पण त्या जागी कोणी बसत नसे. आत येणारा प्रत्येक पैलवान आधी मारुतीला हात लावी आणि मग त्या भिंतीला. दर वर्षी घट बसायच्या आधी तालमीला चुना लागे. पाणी तालमीच्याच आडाचं. दुसऱ्या पाण्याने मारुती रुसतो. आणि वस्तादांच्या पाठीमागच्या भिंतीवर हात द्यायचा तो पट्टशिष्यानेच. आबा अजून शिडीविना पोचेल तेवढी भिंत स्वतः रंगवत.

कालिंदीने संध्याकाळी जेवताना विषय काढला. यंत्र भिंतीच्या पोटातलं वाचतं, त्यावरून पाण्याचं वय कळतं, ते कळलं की पैसे मिळतात, गाव वाचतं, असं सगळं सांगितलं. आबांनी शांतपणे भाकरी संपवली, हात धुतले.

"दावा कुणावर?"

"पाटणे क्रोमवर. म्हणजे—"

"झालं की मग." ते उठले. "अण्णासाब पाटण्यांनी ह्या तालमीला खुराक दिला. रोजचं दूध, बदाम, तूप. म्या त्यांच्या दुधावर मोठा झालो. माझी मान, माझी छाती, समदं त्यांचं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर दावा? माझ्या तालमीची भिंत न्हाई मिळायची."

"आबा, त्यांनी दूध दिलं आणि विहीर घेतली," कालिंदी म्हणाली. तिला इतका राग आला होता की आवाज चढायचाही विसरला. "तुम्हाला बदाम मिळाले. आईच्या हाताला काय मिळालं?"

तिच्या आईचे हात शेवटी शेवटी पदराखाली असत. हे बोलायला नको होतं, पण बोलून झालं. दुसऱ्या दिवसापासून आबा तालमीतच जेवू लागले.

गावात दोन तट पडले. गाव वाचवायला पोरीने बापाशी वैर घेतलं, असं काही म्हणत. काही म्हणत, बापाची तरी किती ताठर मान. यास्मिनने कोर्टातून तालमीची भिंत मिळवायची सोय सांगितली. कालिंदीने मान हलवली. पोलीस घेऊन वडिलांच्या तालमीत शिरायचं, तर मग गाव वाचवून तरी कुठल्या तोंडाने राहायचं?

शेवटी यास्मिनच गेली, एकटी. बाईमाणूस आत येत नाही हे ठाऊक असल्याने उंबऱ्याबाहेरच्या कट्ट्यावर बसली. आबांनी आतून पाणी पाठवलं. टँकरचं.

"आबा, तुमच्या कुस्त्यांत इनाम कोण देतं हो?" तिने विचारलं.

"जत्रा कमिटी. पण पैसा आधी पंचाकडं ठेवायचा. न्हाईतर कुस्ती झाल्यावर कमिटी मागच्या दारानं पळती." आबांना हसू आलं.

"मग अण्णासाहेबांनी तेच केलंय. आपल्या कारखान्याने कोणाचं वाईट झालं तर भरपाई देता यावी, म्हणून ते दर वर्षी स्वतःच्या खिशातून पैसे बाजूला ठेवत होते. विमा म्हणजे तेच. दावा त्यांच्यावर नाही. ज्यांच्याकडे त्यांनी पैसे ठेवले, त्यांच्यावर आहे."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग आत मारुतीकडे पाहिलं. बराच वेळ ते मिशीवरून हात फिरवत राहिले.

"म्हंजे," ते म्हणाले, "अण्णासाबांनी इनाम पंचाकडं ठेवलंय, आन् पंच देईना झालाय?"

"व्हय, आबा."

"आरं तिच्या." आबा उभे राहिले. "मालकाची अब्रू अडकवून बसल्यात म्हणा की. कालिंदीला सांग, भिंत घे म्हणावं. आन् त्या पंचाला हितं माझ्यासमोर उभा कर."

त्या रात्री आबा घरी जेवले. कालिंदीने भाकरीवर नेहमीपेक्षा जास्त लोणी घातलं, आणि ते त्यांनी खाल्लं.

कायद्याप्रमाणे अशा वाचनाच्या वेळी कंपनीचा सर्व्हेअर हजर लागतो. दोन्ही बाजूंच्या डोळ्यांदेखत भिंतीचा तुकडा काढायचा, तिथेच वाचायचा, दोघांनी सह्या करायच्या. मग कोणाला मागे फिरता येत नाही. कंपनीने केळशीकर नावाचे सर्व्हेअर पाठवले. साठीच्या आसपासचे, बारीक, सावकाश बोलणारे. कालिंदी आणि यास्मिन त्यांना आणायला सांगलीला गेल्या, मुक्काम करून सकाळी परत आल्या.

तालमीसमोर गाडी थांबली तेव्हा दारावर आंब्याचं तोरण होतं. सडा घातलेला, रांगोळी काढलेली. पैलवान पोरं पांढऱ्या सदऱ्यांत ओळीने उभी. पुढे आबा, डोक्याला फेटा. कालिंदीच्या नाकाला मात्र वेगळाच वास आला.

"आबा, हा कसला वास?"

"रंगाचा." आबांचा चेहरा खुलला होता. "पाव्हणं येणार, त्यांनी का पोपडे बघायचे? काल सकाळधरनं पोरं लावली. खरडून खरडून पार विटंपतूर नेलं, वर लांबी मारली, वर पेंट. पिस्ता कलर. चांगल्यातला घेतला."

यास्मिनने हातातली पेटी कट्ट्यावर ठेवली.

कालिंदीला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. साठ-सत्तर वर्षांचा चुना, थर आणि थर, आणि वरून पिस्ता कलर.

"आबा," ती हळू म्हणाली, "चुनाच तर वाचायचा होता."

"तूच म्हटलीस न्हवं, यंत्र भिंतीच्या पोटातलं वाचतं म्हणून? मग पोट हाय की. वरचे पोपडे कशाला पायजेत?"

आबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्यांवरून त्यांना उमगत गेलं. ऐंशी वर्षांचा पैलवान लहान मुलासारखा ओठ दाबून उभा राहिला. कालिंदीला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, नुसतं रडू आलं. माणसाने पाहुण्यासाठी घर सारवलं, त्याला शिव्या कशा द्यायच्या?

"काढलेला चुना कुठे आहे?" यास्मिनने विचारलं.

"वारणंत," एक पैलवान म्हणाला. "मारुतीम्होरचा हाय, उकिरड्यावर कसा टाकायचा? बोळवण केली नदीत."

केळशीकरांनी चष्मा पुसला. "सरपंचबाई, मला वाईट वाटतंय. पण नदीतला चुना सापडला, तरी तो याच भिंतीचा हे सिद्ध होणार नाही. मला वाचन झालं नाही असं लिहावं लागेल."

"लिहा," कालिंदी म्हणाली. "पण इतक्या लांबून आलात, मारुतीला नमस्कार करून जा."

केळशीकर चपला काढून आत गेले. आणि मग, आता राहिलंच काय, म्हणून कालिंदीही गेली. जन्मात पहिल्यांदा तिने तो उंबरा ओलांडला. कोणी अडवलं नाही. आत अंधूक होतं, मातीचा आणि तेलाचा वास रंगाच्या वासाखाली दबलेला. डोळे सरावले तशी भिंत दिसू लागली, ओली, गुळगुळीत, हिरवट. आणि देवळीच्या शेजारी, माणूस बसला तर पाठ टेकेल तेवढा, एक चौकोन. खडबडीत. मळकट. रंगाच्या कडेने कुंच्याची सरळ ओळ मारून सोडलेला.

"आबा," तिने हाक मारली. "एवढं का सोडलं?"

आबा दारात आले. "ती हैबती वस्तादांची पाठ हाय. तिथं खरडायची छाती कुणाची? माझ्या पोरांनी कुंचासुदीक लावला न्हाई. तिथं म्याच हात देतो, दर साली. चुन्याचाच."

यास्मिन धावत आत आली, उंबऱ्याचं तिलाही भान राहिलं नाही. तिने बॅटरीचा उजेड त्या चौकोनाच्या कडेवर पाडला. कडेला बोटाच्या पेराएवढी जाडी होती, आणि उजेडात तिच्यात बारीक रेघा दिसत होत्या, एकावर एक.

"आहे," ती म्हणाली. "सगळं आहे, कालिंदी."

पण मग प्रश्न आला चकता काढायचा. यास्मिनच्या हातात छोटी करवत होती. आबा तिच्या आणि भिंतीच्या मध्ये उभे राहिले. कालिंदीला वाटलं, आता ते नाही म्हणणार, आणि ते नाही म्हणाले तर ती त्यांच्यावर जबरदस्ती करणार नव्हती, गाव उठलं तरी. हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

आबांनी फेटा काढला. भिंतीला हात लावला, कपाळाला लावला. मग यास्मिनपुढे तळवा पसरला.

"आण हिकडं. ह्या हातानं लावलाय, ह्याच हातानं काढतो. परक्याचा हात नको. वस्ताद, माफी असावी," शेवटचं ते भिंतीला म्हणाले.

चकता केळशीकरांनी स्वतःच्या हाताने पेटीत ठेवला. पडद्यावर ते थर मोठे होऊन दिसू लागले, तळापासून वर. सगळ्यात खाली दुधासारखे पांढरे. यंत्र एकेका थरावर थांबे, कार्बनावरून वर्ष सांगे, मग क्रोम शोधे. केळशीकर वाचत होते. एकोणीसशे सत्तर, क्रोम नाही. एकाहत्तर, नाही. बहात्तरचा थर नव्हताच.

"दुष्काळ," आबा म्हणाले. "आडाला पाणीच नव्हतं, चुना कसला लावताय."

त्र्याहत्तर, नाही. चौऱ्याहत्तर, नाही. पंचाहत्तर, नाही. कालिंदीने यास्मिनचं मनगट धरलं होतं. शहात्तरच्या थरावर यंत्र जरा जास्त थांबलं. केळशीकर पुढे वाकले. त्यांनी वाचन पुन्हा घेतलं, आणि आणखी एकदा.

"शहात्तर. क्रोम आहे," ते म्हणाले. "सत्त्याहत्तर, दुप्पट. अठ्ठ्याहत्तर..." ते थांबले. "या थरात दुसरंही काही दिसतंय. निळं."

"नीळ," आबा म्हणाले. "भिंत पिवळी दिसाया लागली, तवा वस्तादांनी मलाच दुकानात पिटाळलं, नीळ आण म्हणून. तवाधरनं दर साली चुन्यात नीळ असती. चुना भेसळीचा आला म्हणून दुकानदाराला शिव्या बी दिल्या. बिचारा चुनेवाला. त्याचा काय दोष न्हवता."

पंच्याऐंशी येईपर्यंत थर नीळ असूनही पिवळट हिरवे झाले होते. केळशीकरांनी चष्मा काढला, खिशातून पेन काढलं आणि यास्मिनच्या शेजारी सही केली. मग ते मारुतीकडे वळले, आणि थोडं थांबून त्या भिंतीलाही त्यांनी हात लावला. बाहेर उभ्या असलेल्या पोरांना आतून काय ते कळलं, आणि तालमीत कुस्ती मारल्यावर होतो तसा गलका झाला. हलगी कोणी आणली होती देव जाणे, पण ती वाजायला लागली. आबांनी शड्डू ठोकला. ऐंशीच्या वयात. दोन दिवस खांदा धरून बसले, पण ठोकला.

कंपनीने त्यानंतरही दोन-चार कागदी डाव टाकून पाहिले. पण सह्या झालेल्या होत्या. मार्च यायच्या आत पहिला हप्ता आला आणि गाव उठवायचा हुकूम जिल्ह्याला मागे घ्यावा लागला. यंत्रं आली, खाणीतला गाळ बंद गाड्यांतून गेला. जमिनीखालच्या पाण्यावरचा इलाज ऐकून तर गावाने तोंडात बोट घातलं. साखर कारखान्याची मळी. ठिकठिकाणी नळ्या रोवून मळी जमिनीत सोडली. मातीतले सूक्ष्म जंतू ती खाऊन माजतात, आणि त्यांच्या त्या धुमाळीत पाण्याबरोबर हिंडणारं विषारी पिवळं क्रोम बदलून निरुपद्रवी होतं आणि मातीला धरून जागच्या जागी बसतं. दोन वर्षं हिरणवाडीला मळीचा वास येत होता. पाहुणे नाकाला रुमाल लावत. गावकरी छाती पुढे काढून सांगत, आमच्या जमिनीला खुराक चालू आहे.

तिसऱ्या वर्षी घट बसायच्या आधी तालमीतला पिस्ता कलर खरवडून काढला. आडाच्या पाण्याचा तपासणीचा कागद यास्मिनने आणला होता, सगळं स्वच्छ. आबांनी तो घडी करून कट्ट्यावर ठेवला. त्यांचा कागदावर कधीच विश्वास नव्हता.

आडाचं पाणी काढलं, चुना भिजवला, फडक्यातून गाळला. भिंती झाल्या. वस्तादांची जागा राहिली. तिच्यात अजून रुपयाएवढा खळगा होता, तो आबांनी बुजवू दिला नव्हता. त्यांनी कुंचा बुडवला, आणि मग तो कालिंदीकडे केला.

"आबा, हा हात पट्टशिष्याचा."

"माहीत हाय मला. ह्या तालमीची सगळ्यात मोठी कुस्ती कुणी मारली त्ये बी माहीत हाय. दे हात."

तिने दिला. चुना ओला असताना काहीच कळत नाही. भिंत राखाडी, पाणचट दिसते. सगळे कट्ट्यावर येऊन बसले. पोरं, म्हातारे, केळशीकरसुद्धा आले होते, मुद्दाम रजा काढून. पंचायतीतल्या पोरीने सवयीने निळीची पुडी आणली होती, आणि ती हातात घेऊन उभी होती.

ऊन दारातून आत सरकलं. आधी वरची पट्टी वाळली, मग मधली. कालिंदीने लहानपणापासून ती भिंत बाहेरूनच पाहिली होती, आणि पिवळ्या चुन्यात निळीची भर असल्याने ती तिने कायम हिरवटच पाहिली होती. आता ती एका अंगाने उजळत येत होती आणि वस्तादांच्या जागेपाशी येऊन थांबली. मग तीही उजळली. पांढरीफेक.

आबा उठले. आत गेले. भिंतीला हात लावला, कपाळाला लावला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालाला चुना लागला होता आणि तो ओला झाला होता. ते त्यांनी लपवलं नाही.

"ए पोरी," त्यांनी पुडीवालीला हाक मारली. "जा, नीळ दुकानात परत देऊन ये. लागत न्हाई आता."